मी विसरलेलो नाही, मला येत नाही : एका निवृत्त पाळकाचं पंच कमिटीस खुलं पत्र

मा. सेक्रेटरी, खजिनदार, सर्व पंच आणि मंडळीचे लहानथोर सभासद यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी उपासनेत सूचना वाचल्या गेल्या तेव्हा मी मागून तिसऱ्या बाकावर बसलो होतो. महिला मंडळाची सभा, कापणीच्या सणाचा हिशेब, नाताळच्या गायनांचा सराव, आणि मग एकदम माझं नाव. "आपले माजी पाळकसाहेब एकटे राहण्याच्या स्थितीत नाहीत, सबब त्यांची वृद्धाश्रमात सोय करण्याचा ठराव कमिटीने एकमताने मंजूर केला असून त्यासाठी पुढच्या रविवारी खास दान घेण्यात येईल." शेजारच्या भगिनीने माझा हात हातात घेतला. मागच्या बाकावरच्या पोराने वाकून विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय झालंय?" मलाही कमिटीला तेच विचारायचं होतं.

हे सगळं मला कमिटीपुढे येऊन तोंडी सांगता आलं असतं. पण तिथे काय होतं ते मी अडतीस वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे. म्हाताऱ्या माणसाला हातांची खुर्ची देतात, पहिला चहा त्याच्यापुढे ठेवतात, आणि तो बोलायला लागला की कोणीतरी म्हणतं, "साहेब, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या." म्हणून लिहून देतो. १८४२ साली याच आपल्या अहमदनगरातून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, तेव्हापासून आपल्या लोकांना मनातलं छापून मोकळं व्हायची खोड आहे. ती माझ्यातही उतरली असं समजा.

ठरावाच्या मुळाशी तो मंगळवार आहे हे मला ठाऊक आहे. त्या एका दिवसाच्या निदान चार आवृत्त्या माझ्या कानावर आल्या. एकीत माझ्या घरी फायर ब्रिगेड आली. दुसरीत मी बँकेत रडलो. तिसरीत मी भल्या सकाळी झगा हातात घेऊन, टोपी चढवून घरात एकटाच उभा होतो. चौथीत मी बाईंना, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीला, हाका मारत फिरत होतो. चार शुभवर्तमानं मानणाऱ्या लोकांनी पाचवं वृत्तही ऐकून घ्यायला हरकत नसावी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असलेला साक्षीदार एकटा मीच आहे.

आमच्या सावेडीच्या इमारतीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे. मोटर लावायची पाळी आठवड्याने बदलते आणि त्या आठवड्यात ती माझी होती. पाचला मोटर चालू केली आणि टाकी भरेपर्यंत म्हणून प्रार्थनेला बसलो. प्रार्थना लांबली. साहेबांची प्रार्थना लांबते अशी मंडळीची जुनी कुरकुर आहे, पण मला मध्येच थांबवायचं धाडस आजवर कोणी केलं नव्हतं. त्या दिवशी खालच्या मजल्यावरून आवाज आला, "पाळकसाहेब, मोटर!" तोवर टाकी वाहून गच्चीचं पाणी नळीतून थेट अंगणात उतरलं होतं. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, खालच्या काकूंनी वृंदावनासमोर नुकतीच रांगोळी काढली होती. ती वृंदावनापासून निघाली ती गेटापर्यंत गेली. मी खाली जाऊन हात जोडले. काकू म्हणाल्या, "असू दे, उद्या परत काढायचीच आहे." माझ्या जन्मात मी क्षमेवर इतकं आटोपशीर प्रवचन दिलेलं नाही.

वर येऊन दूध तापत ठेवलं. ते कोमट होतंय न होतंय तोच ज्योत निळीची पिवळी झाली आणि विझली. भरलेलं सिलिंडर बाल्कनीत होतं. आत १४.२ किलो गॅस आणि वर जवळजवळ तेवढंच लोखंड. ते कडेवर तिरकं धरून, गोल फिरवत स्वयंपाकघरापर्यंत आणलं याचा मला थोडा अभिमान वाटला, आणि अभिमानाचं पुढे काय होतं ते नीतिसूत्रांत दिलेलं आहे. दोरी ओढून टोपण काढलं, रेग्युलेटर बसवला, बटण फिरवलं. फस्स! आणि वास. या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात. ज्याला कोणाला हे प्रथम सुचलं त्याने माझ्यासारख्यांचाच विचार केला असणार. मी पंखा लावायला भिंतीकडे हात नेला तोच काकूंचा आवाज जिन्यातून आला, "बटणाला हात लावू नका! आधी रेग्युलेटर बंद करा! दार उघडा, दार! गॅस खाली बसतो, खिडकीने जात नाही!" मी रेग्युलेटर बंद केला, दार उघडलं. "आता काढून टोपी लावा! टोपी!"

खुंटीवर माझी लोकरीची कानटोपी होती. मी ती घातली.

काकू वर आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रेग्युलेटर काढला, सिलिंडरच्या तोंडावर लोंबणारी प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवली, आणि मग त्या पायरीवर बसून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. फायर ब्रिगेड आली नाही. काकूंनी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने मोठ्या अक्षरात १९०६ लिहून ठेवलं, तो गॅस गळतीसाठीचा नंबर. कोणीतरी ते १९०६ पाहून गेलं असेल आणि त्याची फायर ब्रिगेड झाली असेल. त्यांचं निदान असं पडलं की सिलिंडरच्या तोंडात आत एक बारीकशी काळी रबरी रिंग असते, ती नव्हतीच. तिसऱ्या आवृत्तीतली टोपी ती ही.

आणि झगा. तो मी आदल्या रात्री मशीनमध्ये टाकला होता, रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मदतीला उभं राहायचं होतं म्हणून. त्यासोबत एक नवा लाल टॉवेल टाकला होता, कारण मशीन अर्धंच भरलं होतं आणि मला काटकसर सुचली. सकाळी काढला तेव्हा झगा गुलाबी झाला होता. सगळीकडून सारखा नाही, बगलेत जास्त. ज्या मंडळ्यांत रंगांचे नियम काटेकोर पाळतात तिथे नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतो. आपण पडलो अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेतले. १८३१ साली मिशन नगरात आलं तेव्हापासून आपल्याला रंगांचं सोयरसुतक नाही. तरीही गुलाबी झग्यातला पाळक ही मंडळी पचवेल असं मला वाटत नाही.

बिनचहाचा बँकेत गेलो. पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. ही गोष्ट कुठल्याच आवृत्तीत आली नाही याचं मला नवल वाटतं.

बँकेत कशासाठी गेलो ते सांगायला हवं, कारण त्यात थोडा आपला हिशेबही आहे. बाईंनी अनुदानित शाळेत एकतीस वर्षं मराठी आणि गणित शिकवलं. मंडळीत निम्म्यांचे पाढे त्यांनी पाठ करून घेतलेले आहेत, म्हणून त्यांना कोणी कधी पाळकीणबाई म्हटलं नाही, नुसतं 'बाई'. मीही घरात बाईच म्हणायचो. त्या गेल्यावर त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन मला मिळू लागलं. स्पष्टच लिहितो: मंडळीकडून येणाऱ्या निवृत्तिवेतनात माझी औषधं भागतात, जेवतो मी बाईंच्या पेन्शनवर. पासष्टाव्या वर्षी पाळक निवास रिकामं करून दिलं तेव्हा ज्या दोन खोल्यांत गेलो त्याही बाईंच्या प्रॉव्हिडंट फंडातल्या. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांना आशीर्वाद देत हिंडलेल्या माणसाच्या नावावर स्वतःची एक वीट नव्हती, आणि तेव्हा मला त्यात आध्यात्मिक काहीतरी वाटायचं.

तर नोव्हेंबर म्हणजे हयातीचा महिना. कोषागाराकडून बँकेत यादी येते, तिच्यात आपल्या नावापुढे सही करायची की मी अजून आहे. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्याला आणखी एक लिहून द्यावं लागतं, पुनर्विवाह केलेला नाही म्हणून. काउंटरवरची मुलगी पंचविशीची असेल. ती लाजली. "आजोबा, विचारावं लागतं. परत लग्न नाही ना केलं?" मी किती लग्नं लावली याची नोंद गावोगावच्या रजिस्टरांत आहे. प्रत्येक वेळी तीन-तीन रविवार मंडळीपुढे उभं राहून, कोणाची हरकत आहे काय, हे मीच विचारलं. मला लग्नाबद्दल कोणी विचारायची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "नाही बाळ, एकच पुरलं."

मग तिने पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, विचारला. मी पिशवीतून तपकिरी कव्हरचं पेन्शनचं पुस्तक काढलं. ते पेन्शनचं पुस्तक नव्हतं. त्याच रंगाचं कव्हर घातलेली बाईंची घरखर्चाची वही होती. "नंबर पाठ आहे का, आजोबा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाईंना विचारून सांगतो."

रांगेत माझ्यामागे आपल्या मंडळीतल्या एक भगिनी होत्या. त्यांना रडू आलं. रडल्या त्या, मी नाही. दुसऱ्या आवृत्तीत तेवढी दुरुस्ती करावी. आणि हेच ते वाक्य, ज्यावरून कमिटीने माझी स्मरणशक्ती गेली असं ठरवलं. बंधूंनो, बाई जाऊन तीन वर्षं आणि दोन महिने झाले. दवाखान्यातल्या घड्याळात तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मला सगळं आठवतं. पण एक्केचाळीस वर्षं कुठलाही नंबर, कुठलीही तारीख, कुठलीही किल्ली विचारली की जीभ जे म्हणायची तेच ती म्हणाली. २०२४ साली नगरचं अहिल्यानगर झालं, तरी एसटी स्टँडवर लोक अजून "नगर आलं, नगर आलं" म्हणत उतरतात. त्यांच्यासाठी कोणी खास दान गोळा करत नाही.

त्या मुलीने खात्यावरून नाव शोधलं, मी सही केली, हयात ठरलो. बाहेर ऊन होतं म्हणून बँकेतल्याच बाकावर बसलो आणि ती वही उघडली.

मी ती वही यापूर्वी कधी वाचली नव्हती. बाई रोज रात्री भांडी झाली की काहीतरी लिहीत बसायच्या आणि मी समोर प्रवचनाची टिपणं काढत असायचो. आम्ही दोघं लिहितोय याचं मला कौतुकही वाटायचं. आता कळलं त्या काय लिहीत होत्या. पहिल्याच पानावर सूचना होत्या, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा, टपोऱ्या अक्षरात. "वॉशर, रबरी रिंगा : मधला खण, काडेपेटीत." "साहेबांचे झगे वेगळे. शेवटी नीळ." "मोटर : घड्याळ लावून बसणे." आणि एका ओळीत नुसतं, "गहू गव्हावरच." हे मला कळलं नाही. सुविचार असावा असं वाटलं.

पुढे रोजचा हिशेब. दूध, रॉकेल, वाण्याची उधारी, मुलाच्या वह्या. आणि दर महिन्याला एक नोंद, कधी पहिल्या शनिवारी, कधी दुसऱ्या: "पंच सभा. दूध ३ लिटर, साखर १ किलो, बेसन १ किलो, कांदे." त्या एका वहीत सात वर्षं आहेत. घरी आल्यावर मी बोट ठेवून मोजलं. पंच सभेच्या नोंदी ८१ निघाल्या. खर्च सगळा बाईंच्या पगाराच्या रकान्यात. मी बिल मांडत नाही, कारण त्या ८१ सभांचा अध्यक्ष मी होतो आणि भजी पहिली माझ्यापुढे यायची. त्यातल्या काही सभांत आपण काटकसरीवर चर्चा केली हेही मला आठवतं.

आणखी एक नोंद सांगतो आणि वही मिटतो. आपल्या पाळक निवासातली. "मोरी तुंबली. पंचांना सांगितले." सहा महिन्यांनी पुन्हा तेच. त्यानंतर पावसाळ्यात तेच. चौथ्या वेळी, "मोरी तुंबली. स्वतः काढली." पंचांना सांगितलं म्हणजे कोणाला? बाई कमिटीपुढे कधी आल्या नाहीत, चहा घेऊन आल्या तेवढ्याच. सांगितलं असणार ते मला. मी "बघू" म्हटलं असणार.

परतीच्या वाटेवर गिरणी लागते. सकाळी जाताना गव्हाचा डबा ठेवून गेलो होतो. गिरणीवाल्याने पट्टा चालू ठेवूनच विचारलं, "बाजरीवर टाकू का, साहेब? गव्हाला अर्धा तास लागेल." मी म्हटलं, "टाका की, सगळी देवाचीच धान्यं." तो हसला. मला वाटलं, वाक्य आवडलं. संध्याकाळी कणीक मळली ती करड्या रंगाची. पोळी लाटली की कडेला चिरायची, तव्यावर टाकली की मधून फाटायची. तिसऱ्या पोळीला उजेड पडला: दगडांत राहिलेली बाजरी माझ्या गव्हात आली होती. "गहू गव्हावरच." सुविचार नव्हता तो.

मधल्या खणात काडेपेटी होती. तिच्यात चार रिंगा. काकूंनी बजावलं की तुम्ही हात लावायचा नाही. संध्याकाळी सिलिंडरवाला पोरगा आला, त्याने रिंग बसवली, रेग्युलेटर लावून साबणाचं पाणी सोडलं आणि मला वाकून बघायला लावलं, "बुडबुडा नाही, म्हणजे गळत नाही." मी त्याला चहा केला. साखर मला सापडली, चहा पावडर मात्र त्याने शोधून दिली.

हा तो मंगळवार. आता कमिटीने सांगावं, यात विसरलो काय? चपला आणि पुस्तकाचा रंग; हे मी तिशीतही विसरायचो. बाकी जे घडलं ते मी कधी शिकलोच नव्हतो म्हणून घडलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी स्थिती पहिलीतल्या पोराची आहे, आणि पहिलीतल्या पोराला पाटी फुटली म्हणून कोणी शाळेतून काढत नाही. मला ग्रीक शिकवलं, थोडं हिब्रू शिकवलं, प्रेतसंस्काराच्या वेळी आवाज कुठे खाली आणायचा तेही शिकवलं. सिंथिया फॅरारबाईंनी १८३९पासून नगरात राहून मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे प्रशिक्षण घेऊन गेल्या, याचा आपण दरवर्षी कार्यक्रम करतो. मुलींना अक्षरं आली. मुलांना पीठ मळणं शिकवायची शाळा मात्र कोणत्या मिशनने काढली नाही.

सेक्रेटरी साहेब परवा भेटले तेव्हा मला धीर द्यायला म्हणाले, "अहो, रेव्हरंड टिळकही असेच होते." होते खरे. कवी ना. वा. टिळकांच्या वेंधळेपणाच्या गोष्टी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवल्या आणि सगळा महाराष्ट्र हसला. पण हसून झाल्यावर कोणी विचारत नाही की त्या घरात वेंधळं होण्याची मुभा दोघांपैकी कोणाला होती.

मार्था आणि मरीया या बायबलातल्या दोन बहिणींवर मी किती वेळा प्रवचन केलं असेल! वडाळ्याला, राहुरीला, शेवगावला, आणि इथे तर दर दोन वर्षांनी. मार्था काळजी आणि दगदग करणारी, मरीया प्रभूच्या पायांशी बसणारी, आणि प्रभू म्हणतो मरीयेने चांगला वाटा निवडला, तेव्हा भगिनींनो, मरीया व्हा. एकदा असंच प्रवचन करून घरी आलो तर बाई म्हणाल्या, "चांगला वाटा तुम्ही घेतलाच आहे, आता एक कांद्याचा वाटाही घ्या," आणि विळी पुढे सरकवली. मला ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक वेळी व्यासपीठावरून सांगितलं. लोक हसायचे. कांदा मी त्याही दिवशी चिरला नव्हता.

मला ग्रीक येतं असं वर म्हटलं, तर त्या ग्रीकचं ऐका. मार्थेच्या त्या दगदगीसाठी लूकने जो शब्द वापरला आहे तो 'दियाकोनिया'. आपण ज्यावरून 'डिकन' हे नाव घेतलं, ज्या सेवेची दीक्षा देताना मी गुडघे टेकलेल्या माणसांच्या डोक्यावर हात ठेवला, तोच शब्द. आणि त्यांचा भाऊ लाजर मेलेल्यांतून उठवला गेल्यानंतर, योहानाच्या १२व्या अध्यायात, बेथानीत जेवण आहे. मरीया प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावते. मार्था काय करते? वाढते. तिथे तिला कोणी एक शब्द बोललेलं नाही. हे मी शंभरदा वाचलं होतं, पण त्या दिवशी करडी पोळी पुढ्यात घेऊन वाचलं.

अजून एक कबुली द्यायची आहे. माझ्या उमेदीच्या काळात एका गावात एक म्हातारी बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल सांगत हिंडणारी प्रचारिका, होती. पायी सात-सात गावं हिंडलेली. एकदा चुलीवर तिचा पदर पेटला. विझला, काही झालं नाही. पण आम्ही कमिटी बोलावली आणि तिला दुसऱ्या गावी तिच्या पुतण्याकडे पाठवायचा ठराव केला. एकमताने. तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही. तिने जाताना मला तिच्या कोंबड्या देऊ केल्या. पुतण्याकडे ती वर्षभरही जगली नाही. ठराव मी लिहिला होता, आणि तुमच्या परवाच्या ठरावातलं "एकटे राहण्याच्या स्थितीत नाहीत" हे वाक्य मला ओळखीचं वाटलं.

तेव्हा माझी विनंती अशी. ठराव मागे घ्यावा, आणि मागे घेतल्याचं ज्या आवाजात वाचला त्याच आवाजात वाचून दाखवावं. वृद्धाश्रमांबद्दल मला आकस नाही. ज्या दिवशी जिना चढवणार नाही त्या दिवशी मी स्वतः अर्ज करीन, पण तो अर्ज माझ्या अक्षरात असेल. खास दान घेऊच नये. कोणी पाकीट भरून ठेवलं असेल तर ते पाळक निवासातल्या मोरीला लावावं. परवा मी मुद्दाम जाऊन आलो. ती अजून तुंबते. नव्या पाळकसाहेबांच्या पत्नीने मला ते सांगितलं नाही, मी वासावरून ओळखलं. ती मुलगी सकाळी नोकरीला जाते, संध्याकाळी येते आणि पहिल्या शनिवारी तीस कप चहा टाकते. तिच्या घरी वही आहे की नाही मी विचारलं नाही. पंच सभेचा चहा इथून पुढे पंचांनी करावा. पाळी लावून घ्या, आणि कोणाला जमत नसेल तर त्याच्या जागी माझं नाव घाला. चहा आता मला येतो. भजी नाही.

उन्हाळ्यातल्या बायबल शाळेत मुलग्यांच्या वर्गाला यंदा मला एक तास द्यावा. दाविदाची गोफण ती पोरं दरवर्षी करतात. या वर्षी कुकर लावणं, कुकरच्या शिट्टीची नळी साफ करणं, बटण शिवणं आणि सिलिंडरची टोपी म्हणजे कोणती टोपी, एवढं घेऊ. गिरणीवाला येतो म्हणाला आहे, गिरणीच्या दगडांना टाकी कशी लावायची ते दाखवायला. काकूंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, "तुमच्या चर्चात माझं चालेल का?" मी कमिटीच्या वतीने होकार देऊन टाकला. एकमताने.

ज्यांना मला भेटून जावंसं वाटतं त्यांनी जरूर यावं, पण डबा आणू नये. आलात तर ओट्याशी उभं राहून सांगा, फोडणीत मोहरी आधी की जिरं. गेल्या आठवड्यात आमच्या संडे स्कूलमधल्या एका मुलीने येऊन तासभर हेच केलं. मी तिला तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी उचललं होतं आणि ती इतकी रडली होती की अर्ध्या मंडळीला नाव ऐकू आलं नाही. परवा तीच मला म्हणत होती, "आजोबा, तेल तापू द्या की. घाई कसली?"

झग्याला दोनदा नीळ घातली. आता तो जांभळट आहे. रविवारी मी बाकावरच बसेन.

आपला,
मंडळीचा एक सभासद (पूर्वी पाळक)

ता. क. गेल्या नाताळात चहासाठी नेलेलं तीस कपांचं मोठं पातेलं ज्या कोणाकडे राहिलं असेल त्यांनी ते आणून द्यावं. बुडाशी बाईंचं नाव आणि साल कोरलेलं आहे. पहिल्या शनिवारी लागणार आहे.